चुन्याचा दगड

नागभीड
३ मार्च २०२५

लच्छू, जोहार.

अक्षर ओळखलं असशील. पाकीट अजून चुलीत गेलं नसेल तर पुढचं वाच. सोळा वर्षांत ज्याने एक ओळ खरडली नाही तो आज पत्र लिहितो म्हणजे याचं काहीतरी काम असणार, असंच तुझ्या मनात येईल. आहे काम. पण आधी बातमी सांगतो.

माझ्या काळजात दोन यंत्रं बसवली आहेत. थट्टा नाही. दिवाळीच्या आधी दळण आणायला गेलो आणि चक्कीवरच कोसळलो. पीठ सगळं अंगावर. रुखमा धावत आली तर तिला वाटलं, मी आधीच भूत झालो. नागपूरला नेलं. तिथले म्हणाले, काळीज सुस्त झालंय, मधेच थबकतं, यंत्र बसवावं लागेल. जुन्या पद्धतीत खांद्याखाली डबी आणि तिथून काळजापर्यंत वायर. पण तिथं एक नवी चाचणी चालली होती, बिनवायरची, आणि त्यांना माणसं हवी होती. मी बत्तीस कागदांवर सह्या केल्या. वाचले किती ते विचारू नको.

यंत्रं म्हणजे दोन शेंगदाणे समज. एक काळजाच्या वरच्या कप्प्यात, दुसरं खालच्या. मांडीच्या शिरेतून नळी घालून आत नेऊन सोडली. वरच्याने ठोका दिला की तो खालच्याला कळवतो, आता तू. मग खालचा देतो. एवढंच काम, पण दिवसातून लाखाच्या आसपास वेळा. वायर नाही तर कळवतो कसा, हे मीही विचारलं. आवाजाने कळवतो. आपल्या कानाला येणार नाही इतक्या बारीक आवाजाने. संघप्रिया खोब्रागडे म्हणून तिथली डॉक्टरीण आहे, आमच्या पोरीच्या, दिव्याच्या वयाची असेल, तिने नीट समजावलं. म्हणाली, "काका, रेडिओच्या लहरी अंगातल्या पाण्यातच विरून जातात. आवाज पाण्यातून छान जातो. आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच ना."

ती बोलत होती आणि मला आपली रेल्वेची सायडिंग दिसत होती. कारखान्याच्या यार्डात वरच्या टोकाला मी, खालच्या टोकाला तू, मधे सहाशे पावलं आणि डब्यांची रांग. सिमेंटच्या धुळीने हिरवी झेंडी आणि लाल झेंडी दोन्ही सारख्याच राखाडी व्हायच्या, म्हणून आपण नुसता हात वर धरायचो. तुझा हात वर गेला की खालची लाइन मोकळी. मग माझा वर गेला की इंजीन हलायचं. एकवीस वर्षं हेच केलं आपण, आणि हाताच्या खुणेत एकदाही चूक झाली नाही.

आता काम. आतल्या दोघांचं बोलणं ऐकायला मला एक डबी दिली आहे, साबणाच्या वडीएवढी. रोज सकाळी डाव्या बरगड्यांवर खुणेच्या जागी जेली लावायची आणि डबी टेकवायची. मधे हवा राहिली तर तिला ऐकू येत नाही, म्हणून जेली. हाड आलं तरी ऐकू येत नाही, म्हणून दोन बरगड्यांच्या फटीवर खूण. दोघं बोलताना ऐकले की डबी टुण करते, हिरवी होते आणि मोबाइलवरून खबर नागपूरला जाते. नऊ दिवस झाले, डबी टुण करत नाही. लाल होऊन बसते.

नागपूरला मी हे सांगितलेलं नाही. त्यांचा फोन आला की म्हणतो, इकडे नेटवर्कचा घोळ आहे. तरी डॉक्टरीणबाईने २४ तारखेला बोलावलंय, खाट राखून ठेवली आहे. दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर दोघांनाही बाहेर काढायचं आणि वायरवालं बसवायचं, असं ठरलेलं आहे. काढणं हे बसवण्यापेक्षा धोक्याचं, हेही त्या बत्तीस कागदांत होतं. तेवढं पान मी आता वाचलं.

मला भीती वाटते, लच्छू. रुखमासमोर दाखवत नाही. त्या टेबलावर आडवं होण्याआधी तुझं एक अक्षर यावं असं वाटतं. शिवी असली तरी चालेल.

हेमराज


नागभीड
६ मार्च

लच्छू, जोहार.

परवाच्या पत्रात एक गोष्ट गाळली. नागपूरला सांगितली नाही ती नाहीच, पण तुझ्यापासून लपवून मला काय मिळणार. आधीच कमी लपवलंय का.

ती खूण म्हणजे डॉक्टरीणबाईने जांभळ्या पेनाने काढलेले दोन ठिपके होते. ते आंघोळीने पुसट होत. म्हणून रोज सकाळी मी डाव्या कुशीवर आडवा व्हायचो, डावा हात उशाला घ्यायचो, रुखमा चष्मा लावून ठिपके पुन्हा गिरवायची आणि मग डबी. तिचं तोंड त्या पेनापेक्षा जास्त चालायचं. "अवो, नवरा हाये का शाळेची पाटी? रोज रोज काय गिरवाचं?"

फेब्रुवारीत आम्ही चिमूरच्या घोडायात्रेला गेलो. आकाशपाळण्याच्या बाजूला एक गोंदणारा मशीन घेऊन बसला होता. पोरं दंडावर नावं काढून घेत होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी शर्ट काढून बसलो. त्याने विचारलं, "काका, कोनाचं नाव काढू?"

"नाव नाई. हे पेनाचे दोन ठिपके हायेत ना, तेच गोंदून दे."

"यात्रेत येऊन निस्ते ठिपके? एखादा मोर तरी काढा."

मोर नको म्हटलं. दोन ठिपके काढून घेतले, हिरवे, पक्के, मसणापर्यंत न जाणारे. रुखमा खेळण्यांच्या दुकानातून परत आली तेव्हा काम झालेलं होतं. छातीला सुई लावायची नाही असं कागदात लिहिलेलं आहे, हे तिला पाठ होतं. परतीच्या बसमध्ये ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

तुला माझी खोड माहीत आहे. खूण पेनाची नको, पक्की पाहिजे. सायडिंगवर राहून लागलेली सवय. आपला फाउलिंगचा दगड आठव. दोन लाइनी जवळ येतात तिथं मधोमध पुरलेला, चुना लावलेला. डबा दगडाच्या अलीकडे उभा असला की शेजारच्या लाइनवरून इंजीन सुखरूप जातं, पलीकडे गेला की घासतं. तुला हे शिकवायची गरज नाही, पण लिहिताना बरं वाटलं. त्या दगडाबद्दल मला आत्ता काही बोलायचं नाही. सहज आठवला.

गोंदून घेतल्यावर माझी चैन झाली. रुखमाची गरज उरली नाही, आडवं व्हायची गरज उरली नाही. खपली पडेपर्यंत पाच दिवस थांबलो. मग सकाळी अंगणात खुर्ची टाकायची, एका हातात चहा, शर्ट वर, ठिपक्यांवर जेली, आणि डबी. पहिल्याच दिवशी लाल. दुसऱ्या दिवशी लाल. तेव्हापासून रोज लाल.

आता एकच विचार डोकं खातो. त्या सुईने आत काही बिघडवलं असेल का? बिघडवलं असेल तर हे माझं मीच केलं, दुसऱ्या कोणाच्या माथी मारायलाही जागा नाही.

हेमराज


नागभीड
१४ मार्च, धुळवड

लच्छू,

उत्तर नाही. ठीक आहे. एटापल्लीच्याही पुढे टपाल जायला वेळ लागतो हे मला कळतं. पण अकरा दिवस?

तुझा राग कशाचा हे मला माहीत नाही असं नाही. पण त्या अपघाताच्या चौकशीत मी खोटं एक अक्षर बोललो नाही, हे तुला आज लेखी देतो. साहेबांनी विचारलं, दगड जागेवर होता का. मी म्हणालो, होता. त्यांनी टेप लावून मोजलं, बरोबर निघालं. विचारलं, चुना कधी लावला. मी म्हणालो, आदल्या दिवशी. तेही खरं. तू म्हणालास, मी चारही डबे दगडाच्या अलीकडेच उभे केले होते. मग इंजीन घासलं कसं, शेवटचा डबा उलथला कसा, डब्याशेजारी उभ्या नथ्थूचा पाय मोडला कसा, असं त्यांनी तुला विचारलं आणि तुझ्याकडे उत्तर नव्हतं. यात मी काय केलं?

कोणीतरी मागून म्हणालं, मोहाची पिऊन आला असेल. ते मी म्हटलं नाही. मी तिथं उभा होतो एवढंच.

हे लिहीत होतो तर रुखमा पुरणाची ताटली घेऊन आली. म्हणाली, "लच्छूभाऊले लिहून राह्यले का?"

"हो."

"खरं लिहून राह्यले का?"

मी तिला म्हटलं, तू तुझं काम कर. ती ताटली ठेवून गेली आणि जाताना दार जरा जास्तच जोरात ओढलं.

डॉक्टरीणबाईचा फोन आला होता. "काका, सांगितलं तसंच लावता ना डबी?" मी म्हटलं, तसंच लावतो. तिने चक्कर येते का, दम लागतो का, पाय सुजतात का, सगळं विचारलं. गंमत म्हणजे काहीच होत नाही. परवा सायकलवर तळ्यापर्यंत जाऊन आलो. आतले दोघं भांडून बसले असतील तर मी चालतोय कशावर, कोण जाणे. पण डबी लाल ती लालच. दहा दिवस उरले.

पुरणपोळी गोड लागली नाही.

हेमराज


नागभीड
१९ मार्च

लच्छू, लच्छू,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पोस्टमन ओट्यावर पाणी पीत होता आणि मी त्याच्यासमोरच फोडलं. सोळा वर्षांनी तुझं अक्षर, आणि तेही अडीच ओळी. इथं परत उतरवून काढतो, कारण मला ते पुन्हा लिहून पाहायचं आहे.

"हेमराज. झोप आन हात वर कर, रुखमाबाई कराले लावे तसा. दगड तिथंच हाये, लाइन सरकली हाये. तुले त मालूम हाये. लच्छू."

मी उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसलो. पोस्टमनने विचारलं, "कोनी गेलं का, काका?" मी नाही म्हणून मान हलवली.

रुखमाला हाक मारली. डाव्या कुशीवर आडवा झालो, डावा हात उशाला घेतला. तिने ठिपक्यांखाली बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अवो, इथी त फट लागून राह्यली. खुर्चीवर बसता तवा बरगडी लागते." हात खाली असला की कातडं खाली उतरतं, ठिपके हाडावर येतात. हात वर गेला की कातडं वर सरकतं, ठिपके फटीवर येतात. गोंदण पक्कं होतं, लच्छू. माझं अंगच सरकत होतं. तिने जेली लावली, डबी टेकवली. मी मनात वीसपर्यंत मोजायला लागलो. सातवर टुण झालं.

रुखमा तिथंच रडायला लागली. मी पण रडलो. लाजायचं काय, आम्ही दोघंच होतो. तिने तीनदा डबी उचलून तीनदा टेकवली, तीनदा टुण. मग म्हणाली, "पुरे, नाई त बिघडल." छातीवरून धोंडा उतरला. जेवलो. पंचवीस दिवसांनी चव लागली.

आता तुझे चार शब्द. तुले त मालूम हाये. ते वाचून मी बसलो ते डबीमुळे नाही. म्हणजे तुला सगळं आधीपासून माहीत होतं. मग आता मीच लिहितो, नीट, सुरुवातीपासून.

२००९ चा मे. रूळवाल्या टोळीने आपली खालची लाइन वाकणावर हातभर आत सरकवली होती. लाइन सरकली की दोन लाइनींमधलं अंतर नव्याने मोजायचं आणि दगड उपटून नव्या जागी पुरायचा, हे काम माझं. संध्याकाळी बहिणीच्या घरी हळद होती. मी टेप काढलीच नाही. जुन्या जागी होता त्याच दगडाला चुना फासला, पांढरा शुभ्र केला आणि हळदीला गेलो. दुसऱ्या दिवशी तू चार डबे त्याच दगडाच्या अलीकडे उभे केलेस. तू काहीही चुकला नव्हतास. चुकीच्या जागी उभा असलेला दगड मी तुला चुना लावून दाखवला होता.

नथ्थूला दवाखान्यात नेलं, सगळे त्याच्यामागे गेले. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. उजाडायच्या सुमारास मी एकटा सायडिंगवर गेलो, दगड उपटला, मोजला, बरोबर जागी पुरला, माती दाबली आणि परत चुना लावला. मग चौकशीत सांगितलं, दगड जागेवर होता. चौदा तारखेच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्याने लिहिलं की खोटं एक अक्षर बोललो नाही. ते पत्र फाडून टाक.

आणि कोणी म्हणालं, पिऊन आला असेल, तेव्हा मी गप्प राहिलो. एकवीस वर्षांत ड्यूटीवर तू थेंब घेतला नाहीस हे माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तुझी झेंडी काढून घेतली, तुला गोण्या उतरवायला लावलं, महिन्याभरात तू नोकरी सोडून गावी गेलास. मला वाटायचं, तुला नुसता संशय असेल. तुला कसं कळलं, हे सांगशील का? सांगितलं नाहीस तरी हक्क आहे तुझा.

मी चूक केली, लच्छू. आणि दगड सरकवला ती चूक नव्हती, तो गुन्हा होता.

हेमराज


नागपूर
२५ मार्च

लच्छू, जोहार.

दवाखान्याच्या खाटेवरून लिहितो. घाबरू नको, उद्या सोडणार. कापाकापी काही नाही.

काल डॉक्टरीणबाईला सगळं सांगून टाकलं. एकदा खरं बोलायला लागल्यावर थांबता येत नाही असं दिसतं. यात्रा, गोंदण, खुर्ची, चहा, नेटवर्क, सगळं. ती आधी रागावली. खूप रागावली. सुईतून जंतू गेले असते तर काय झालं असतं ते चित्र काढून दाखवलं. मग ठिपके पाहायला लागली आणि हसू आवरता आवरेना. शेजारच्या खोलीतून यंत्रवाल्या पोरांना बोलावून आणलं. मी हात वर केला, खाली केला, वर केला, खाली केला. पोरं वाकून बघत होती. एकाने फोटो काढला.

मग मोठ्या मशीनने आतल्या दोघांची वही काढली. प्रत्येक ठोक्याची नोंद ते स्वतःपाशी ठेवतात म्हणे. डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे बघा. पंचवीस दिवसांत एकसुद्धा निरोप चुकलेला नाही. वरच्याने सांगितलं आणि खालच्याने ऐकलं. प्रत्येक वेळी." मी विचारलं, मग डबी? ती म्हणाली, "ते दोघं बोलतच होते. तुम्ही हाडावर कान लावून बसला होतात."

मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. म्हटलं, हे दुरुस्त करणारा माझा एक सोबती आहे, एटापल्लीच्या पलीकडे जंगलात राहतो, त्याने ठिपके पाहिलेसुद्धा नाहीत. तिने तुझं नाव विचारलं आणि तिच्या कागदावर लिहून घेतलं. लच्छू नरोटे, असं पूर्ण लिहिलं. पुढच्या सगळ्या पेशंटांना डबी देताना खूण आणि हात दोन्ही एकदम शिकवणार, म्हणाली.

रुखमा बाहेर बाकावर झोपली आहे. तीन आठवड्यांची झोप एकदम काढते आहे.

हेमराज


नागभीड
१० एप्रिल

लच्छू, जोहार.

तुझ्या गावाहून घरी पोचलो. रुखमाचे पाय दुखतात, माझे नाही.

तुझा निरोप मिळाला त्याच दिवशी मी ठरवलं होतं. "कागदावर नको. गोटुलात, साऱ्या गावासमोर येऊन सांग. माह्या पवननं आयकलं पाह्यजे." यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. डॉक्टरीणबाई म्हणाली, जा, फक्त डबी बरोबर ठेवा आणि आडवं होऊनच लावा. पण तू स्वतः गोटुलात आला नाहीस. मोह वेचायला निघून गेलास, तुझी बुधरीबाई म्हणाली. म्हणून तिथं काय झालं ते तुला लिहितो. दुसऱ्यांकडून ऐकशील त्यापेक्षा माझ्याकडून वाच.

चाळीसएक माणसं जमली होती. गावाचा गायता, सगळ्यांत मानाचा माणूस, मधे बसला. मी मराठीत बोलत गेलो आणि पवन माडियात सांगत गेला. म्हणजे बघ, तुझ्याच पोराच्या तोंडून मला ते वदवावं लागलं. लाइन सरकवली, दगड सरकवला नाही, इथपर्यंत तो भराभर सांगत होता. पहाटे जाऊन दगड हलवला, हे मी बोललो आणि तो थांबला. मला म्हणाला, "परत सांगा." मी परत सांगितलं. मग त्याने ते सगळ्यांना सांगितलं, हळूहळू. शेवटी मी म्हटलं, लच्छू त्या दिवशी प्यालेला नव्हता. तो ड्यूटीवर कधीच प्याला नाही. ते मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. हे वाक्य पवनने माडियात सांगितलंच नाही. उठून बाहेर गेला. गायत्याला मराठी येत होती, त्याने सांगितलं.

पवन थोड्या वेळाने परत आला. माझ्यासमोर बसला. म्हणाला, "मी अकरा वर्साचा होतो. शाळेत पोरं मले दारुड्याचा पोरगा म्हनत. मी बाले कधी इचारलं नाई, आन बानं कधी सांगतलं नाई. तुमी सोळा वर्स काऊन नाई सांगतलं?"

भीती वाटत होती, एवढंच म्हणालो. तो मला एक लावून देईल असं वाटलं होतं, दिली असती तर मी घेतली असती. त्याने दिली नाही. बुधरीबाईने आम्हाला आंबील दिली. पुढे पवन कुठे गेला ते तिला मी विचारलं तर म्हणाली, "जंगलात गेला. बापाकडे."

तिथं तुम्हा बापलेकांचं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही आणि विचारणार नाही. सकाळी बसजवळ मात्र तुम्ही दोघं बरोबर आलात, एकच टोपली दोघांच्या हातात धरून. तेवढ्यावर माझं पोट भरलं.

तू माझ्याशी जास्त बोलला नाहीस. मी विचारलं, तुला कळलं कसं. तू माझी बोटं हातात घेऊन नखं पाहिलीस आणि म्हणालास, "चौकशीच्या दिवशी ओला चुना होता नखात. आदल्या दिवशीचा असता त वाळला असता." म्हणजे त्या खोलीत, सगळ्यांसमोर, तू माझी नखं बघत उभा होतास आणि मी बोलण्याची वाट पाहत होतास. सोळा वर्षं पाहिलीस. मी विचारलं, मग तू का नाही सांगितलंस. तू म्हणालास, "माह्यं कोनं आयकलं असतं?" आणि मग विचारलंस, "डबी वाजते का?" मी म्हटलं, वाजते.

बस सुटली. वळणावर मी मागे पाहिलं तर तू रस्त्याच्या मधोमध उभा होतास, एक हात सरळ वर धरून. आपल्या सायडिंगवर धरायचास तसाच, मनगट किंचित बाहेर. पुढे बसमध्ये काय झालं ते तुला दिसलं नसेल म्हणून लिहितो. मीही खिडकीतून हात काढून वर धरला. वळण गेलं, तू दिसेनासा झालास, झाडं सुरू झाली, तरी धरूनच होतो.

रुखमा म्हणाली, "अवो, आता काऊन हात वर करून राह्यले? डबी त पिशवीत हाये."

मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ.

हेमराज